एक तरी शास्त्रज्ञ दाखवा

आमच्या वहिनींना मुलं टाकीवाली मावशी म्हणतात. त्यांतल्या काही मुलांना आता टक्कल पडलं आहे, तरी म्हणतात.

समुद्र संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याशेजारी, मुलांसाठी एक खोली आहे. मधोमध मुलांच्या कमरेइतकी उंच अशी उघडी टाकी. तिच्यात खारं पाणी आणि पाण्यात तारामासे, काटेरी गोळे, एक आळशी समुद्रकाकडी आणि दगडाला चिकटलेली समुद्रफुलं. फुलं म्हणायची एवढंच, असतात ते प्राणी. शाळांच्या सहली येतात, मुलं बाह्या वर करतात आणि समुद्राला हात लावून घरी जातात. माझा भाऊ गेला तेव्हा पदरात लहान मूल होतं, म्हणून वहिनी तिथे लागल्या आणि मग तिथल्याच झाल्या. मी त्याच संस्थेत टाक्यांच्या काचा बसवायचो. त्यामुळे यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. नीट सांगता येईल की नाही, ते वेगळं.

वहिनींची एक रीत होती. मुलाने आधी हात ओला करायचा, दोन बोटं पुढे करायची आणि प्राण्याला विचारायचं, "हात लावू का?" मग थांबायचं. फूल उमललेलं राहिलं तर हो. मिटलं तर नाही, आणि मग मुकाट्याने पुढच्याला जागा द्यायची. रडून उपयोग नसे. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना याचं फार हसू येई. एकदा एक तरुण शास्त्रज्ञ म्हणाला, "मावशी, त्याला मेंदूच नाही हो! विचारताय कुणाला?"

"मेंदू नाही म्हणून तर लगेच सांगतं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या साहेबांकडे रजा मागून बघा बरं, उत्तर कधी येतं ते."

गेल्या वर्षी नवे संचालक आले. भला माणूस. प्रत्येक गोष्टीचा परिणाम दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात वावगं काही नाही. ते टाकीत डोकावले, कशालाही हात न लावता म्हणाले, "मावशी, इतकी वर्षं मुलं येताहेत. त्यातून समुद्रशास्त्रज्ञ किती झाले?"

"मला काय ठाऊक? बस आली की मुलं जातात."

"लहानपणी समुद्राची ओळख झाली की जन्मभराची ओढ लागते, असं आपल्या माहितीपत्रकावर छापलंय. मग एक तरी शास्त्रज्ञ दाखवा. समितीपुढे एक जण उभा राहिला, तरी खोली राहील. नाहीतर इथे बैठकीची खोली करावी लागेल. बैठकांना जागा पुरत नाही."

"एवढ्या बैठका कशासाठी असतात?"

"बऱ्याचशा जागेसाठीच असतात," संचालक म्हणाले. प्रामाणिक माणूस.

वहिनींना नोकरीची काळजी नव्हती. त्यांना तिकीटखिडकीवर बसवणार होते, पंख्याखाली, कोरड्या जागी. पण टाकी गेली तर आपण एवढी वर्षं केलं काय, हा प्रश्न त्यांना पोखरायला लागला. त्या माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, एक शास्त्रज्ञ पाहिजे हो." माझ्या हत्यारांच्या पेटीत एखादा असेल, अशा आशेने त्यांनी पेटीकडेही पाहिलं.

पहिला विचार घरातलाच. पुतण्या शाळा सुटली की टाकीपाशीच असायचा, अभ्यासही तिथेच करायचा. समुद्राची एवढी ओळख संचालकांनाही नसेल. आज तो गालिचे विकतो. वहिनींनी त्याला फोन लावला.

"आई, समुद्राने मला एकच गोष्ट शिकवली," तो म्हणाला. "कोरडं राहायचं."

"समितीपुढे असं बोलू नकोस."

"मी येतच नाही ना."

मग बाजारात, दवाखान्यात, रस्त्यात ओळख देणारी जुनी मुलं त्यांनी गाठायला सुरुवात केली. शास्त्रज्ञ कुणीच निघेना. शेवटी, जे भेटले त्यातले यायला तयार असलेले तिघे घेऊन जायचे असं ठरलं. एक प्लंबर, एक केस कापणारा आणि एक दातांची डॉक्टर.

"डॉक्टर आहे," वहिनी म्हणाल्या. "निम्मं काम झालंच की."

सुनावणीच्या दिवशी संस्थेच्या सभागृहात दुसरी बैठक चालू होती. त्यामुळे समिती टाकीच्याच खोलीत भरली. टाकीचा एक कोपरा पाझरत होता म्हणून निवृत्त असूनही मला बोलावलेलं होतं. मी जमिनीवर आडवा पडून काचेच्या सांध्याला लुकण लावत होतो, तेवढ्यात खुर्च्या आल्या. उठून जाणं बरं दिसेना, आणि पडून राहणंही.

समितीत संचालक, एक हिशेब अधिकारी आणि चिखलवाल्या बाई. हे नाव शिपायांनी पाडलेलं. बाई खोल समुद्राच्या तळाचा चिखल तपासतात. याच शहरात वाढल्या, मग परदेशी राहून मोठं नाव कमावून परत आल्या. जिन्यावरून जाता-येता या खोलीकडे त्यांनी कधी मान वळवली नव्हती.

"तर," संचालक प्लंबरला म्हणाले, "समुद्राने तुमच्यावर काय परिणाम केला?"

"समुद्राचं माहीत नाही साहेब. मी पंप बघत होतो."

"मासे?"

"असतील. पोरं सगळी वर वाकलेली, मी टाकीखाली. पाणी वर चढतं कसं तेच कळेना. तेव्हापासून पाइप दिसला की राहवत नाही." त्याची नजर खाली माझ्याकडे आली. "काका, हा जोड कुणी केलाय?"

मी लुकणाच्या नळीचं झाकण शोधायला लागलो.

केस कापणारा लाजत म्हणाला, "मला तो काटेरी गोळा आठवतो. बघितल्याबरोबर वाटलं, याचं कुणीतरी काहीतरी करायला पाहिजे."

हिशेब अधिकाऱ्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

दातांची डॉक्टर सर्वांत धीट. "मी पेशंटच्या तोंडात हात घालण्याआधी विचारते. तो मान हलवेपर्यंत थांबते. हे मावशींनी शिकवलं."

"आणि तो नाही म्हणाला तर?" हिशेब अधिकाऱ्याने विचारलं.

"पुढच्याला बोलावते. त्यामुळे दवाखाना जरा बेताचाच चालतो."

"पण समुद्राचा काही संबंध?" संचालक अगदी काकुळतीला आले होते. खोटं वाटेल, पण त्यांनाही खोली राहिलेली हवी होती.

"चूळ भरायला मिठाचं पाणी देते," डॉक्टर म्हणाली.

संचालकांनी पेनाचं टोपण लावलं. "मावशी, मला वाईट वाटतं. मुलं गुणी निघाली. पण हे समुद्रशास्त्र नव्हे."

वहिनी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. ओले हात पदराला पुसत म्हणाल्या, "एखादा तरी असेल हो साहेब. आपल्याला भेटला नसेल."

"आहे," चिखलवाल्या बाई म्हणाल्या. "मी."

संचालकांनी टोपण काढलं. "म्हणजे आपण लहानपणी इथे आला होतात?"

"सहलीबरोबर आले होते. त्या फुलात न विचारता बोट खुपसलं. या बाईंनी सगळ्या वर्गादेखत मला बाहेर काढलं आणि रस्त्यासमोरच्या बाकावर बसवलं. बस निघेपर्यंत."

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी असं करते होय?"

"अजून करता. वरच्या मजल्यावर ऐकू येतं."

वहिनींना आठवेना. बाहेर काढलेली मुलं थोडी होती का!

"त्याच बाकावर ठरवलं," बाई म्हणाल्या, "समुद्रात अशा जागी जायचं, जिथे हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. चिखल कधी मिटत नाही."

"पण म्हणजे परिणाम झाला!" संचालक लिहू लागले. "या खोलीचाच परिणाम."

"बाकाचा," बाईंनी दुरुस्त केलं. "खोली मी पाहिलीच कुठे?"

मग हिशेब अधिकारी सावकाश म्हणाला, "म्हणजे बाक ठेवायचा आणि खोली घ्यायची, असा अर्थ होतो का?"

चिखलवाल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "खोलीच नसेल, तर मुलांना बाहेर काढणार कशातून?"

खोली ठेवायचं ठरलं आणि बाकाला रंग द्यायचंही. जाताना बाई दारात अडखळल्या. वहिनींनी विचारलं, "राग आहे का हो अजून?"

"आहे."

"असू द्या," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावरच खोली चाललीय."

इथवर सगळं छान झालं. पण वहिनींच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला. आत घेऊन लाड केले ती केस कापायला गेली, हाकलली तिने नाव काढलं. मग मुलांचं भलं कशात धरायचं?

पुढे एकदा मी गळती बघायला गेलो होतो, तेव्हा एक वर्ग आला होता. एका मुलीने थेट पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तारामासा उचलला. वहिनींनी आधी तो सोडवून पाण्यात ठेवला. मग "बाहेर" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला एकीकडे मोठी शास्त्रज्ञ दिसली, दुसरीकडे जन्मभराचा राग. वर्गाबरोबर आलेले सरही वाट बघत उभे.

"काय गं," वहिनी शेवटी म्हणाल्या, "बाहेर जातेस की आत राहतेस?"

"बाहेर काय आहे?"

"बाक."

"जाते," मुलगी म्हणाली आणि आनंदाने गेलीसुद्धा.

वहिनी धावत खिडकीशी गेल्या. मीही गेलो. मुलगी बाकावर मांडी घालून, आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि समोरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवून थांबवू पाहत होती. एक टेम्पो थांबलाही.

"गेली," वहिनी म्हणाल्या. "ही वाहतूक खात्यात गेली, भाऊजी." आणि त्या टाकीकडे वळल्या. "चला रे, कुणाची पाळी?"