शेगडी कोणी बांधली

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, पण आज शेजारून भाजल्या वांग्याचा वास आला आणि राहवलं नाही. आमच्या कोथरूडच्या घरामागे बार्बेक्यूसाठी विटांची शेगडी आहे. ती मी बांधली असं सगळे समजतात. ती माझ्या बायकोने बांधली. कुंपणाच्या उरलेल्या विटा तिने आधी नुसत्या रचल्या आणि आत उदबत्ती लावून समोर उकिडवी बसली. धूर कुठे अडतो ते बघायचं, एखादी वीट सरकवायची, पुन्हा बघायचं. मी खुर्चीत बसून हसत होतो. अखेर खाली एका विटेएवढी फट राहिली आणि धुराची रेघ सरळ वर चढली, तेव्हा मी नकळत उठून उभा राहिलो. मग तिने चिखलाने सांधे भरले. ते वाळल्यावर एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर कोळसे पेटवले. फुंकर नाही, पंखा नाही. वारा आपणहून आत शिरत होता आणि विस्तव श्वास घेतल्यासारखा फुलत होता. सगळे बघतच राहिले. तिचा भाऊ मला म्हणाला, "भावोजी, कमाल केलीत!" मी म्हटलं, "जमलं खरं." ती कणसांचं ताट घेऊन मागेच उभी होती. म्हणाली, "अहो इंजिनिअर, वांगं जळतंय, उलटा आता." पुढे ती असेपर्यंत कितीतरी वेळा जेवताना मी सुरुवात केली, "अगं, ती शेगडी..." ती मान वर करून विचारायची, "काय?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, मीठ वाढ."