बूस्टर, सरकीचं पोतं आन् वैजापूरचे पाहुणे

माझीच फजिती मीच सांगायची म्हणं! चहा पाजलात म्हणून सांगतो, नायतर तोंड उघडलं नसतं.

चितेगावला आमच्या घरात मोबाइलला रेंजच नाय. म्हणून पोरानं शहरातून बूस्टर आणला, गच्चीवर अँटिना ठोकला. परवानगी? ती कोण काढतंय!

त्या दिवशी नातीच्या स्थळाचा फोन येणार होता, वैजापूरहून. हो का नाय, ते कळणार. पाहुणे देवळातच पोरगी बघून गेले तवा मी लासूरच्या बाजारात, म्हणून मी त्यांचं तोंडबी बघितलेलं नाय. फोन मांडीवर घेऊन बसलो, तेवढ्यात मेव्हणा पेपर घेऊन हजर.

"दाजी, लई अवघड झालं! मोबाइलवर लक्ष ठेवणारं दिल्लीचं खातं हाय ना, त्याला आता कुणाची तक्रार लागत नाय. आपणहून चौकशी लावतंय!"

"कुणावर?"

"कुणावरबी!" गच्चीकडं एकदा बघितलं, पेपर तिथंच टाकला आन् गडी चालता झाला.

आमच्या अँटिनाला तर परवानगीच नाय! या वयात शिडी चढलो, अँटिना उपटला, सरकीच्या पोत्यात कोंबला.

दुपारी गल्लीत दोन माणसं. इनशर्ट केलेली, मोबाइल आभाळाकडं धरून गोल फिरतायत. आता ही चौकशी नाय तर काय?

"बाबा, देवराव जाधवांचं घर कुठंय?"

"इथं कुणी देवराव नाय."

"सकाळपासून लावतोय, त्यांचा फोनच लागंना."

"लागंल कसा? मशीनच नाय घरात! सगळं घर बघा, तेवढं सरकीचं पोतं सोडून!"

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. तेवढ्यात बायको बाहेर आली, डोक्यावर पदर घेत.

"अगंबाई! मुलाचे काका! या की आत."

"येतो मावशी. पण हे बाबा कोण?"

"हेच की आमचे मालक, देवराव!"

काका म्हणाले, "आलो होतो होकार द्यायला. पण या घरात देवराव हायत का नाय, ते आधी ठरवा!"

पाहुणे गेल्यावर नातीनं ती बातमी शेवटापर्यंत वाचून दाखवली. ते खातं चौकशी लावतंय मोबाइल कंपन्यांवर. माझ्यावर कोण लावतंय? तक्रार नाय, विचारणा नाय, आपणहून चौकशी लावली ती मीच, माझ्यावर!

लग्नात काकांनी माईक धरला, "देवराव असतील तर त्यांनी मांडवात यावं, नसतील तर तसं सांगावं!" अख्खा मांडव हसला. त्यात सगळ्यात जोरात दात काढत होता अर्धी बातमी वाचणारा. अजून माफी मागितली नाय त्यानं. नाव सांगून ठेवतो, माझा मेव्हणा, भगवान मोरे.