स्तेफकाबाईंचं बोट

स्तेफका ग्रोझेवाबाईंच्या बोटाला सगळी शाळा टरकून होती. बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं. तास सुरू झाला की हजेरीपट उघडायचा, बोट नावांवरून सावकाश खाली सरकायचं आणि ज्याच्यावर थांबेल त्याने मुकाट्याने फळ्यापाशी जायचं. सगळ्यांदेखत तोंडी परीक्षा आणि लगेच पटावर गुण. सहा म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. बाई दुष्ट मुळीच नव्हत्या. त्याही अशाच शिकल्या होत्या, एवढंच.

त्या वर्षी सातवीतली झोर्नित्सा गणिताला दांड्या मारू लागली. दोनवर दोन पडत होते. असंच चाललं तर वर्ष वाया जाणार होतं. माझ्या डोक्यात गणितच नाही, असं तिने घरी सांगून टाकलं होतं. तिची आई शाळेत येऊन रडून गेली, त्या दिवशी बाईंनी डब्यातली बानित्सा, चीज घातलेली खारी, तशीच घरी परत नेली. पोर चांगली चुणचुणीत होती. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

बाईंनी नवीनच टूम काढली. तासाच्या शेवटी ज्याने त्याने सांगायचं, आज काय कळलं आणि कुठे अडलं. भौतिकशास्त्राच्या पानायोत सरांना गंमत वाटली. "काय गं, पोरांकडून कबुलीजबाब घेऊन पाद्र्याच्या पोटावर पाय आणतेस का?" मुलं तर पक्की बिलंदर. एकजात सगळ्यांचं उत्तर, सगळं कळलं बाई. टेबलावर हजेरीपट उघडा असताना 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे आपण होऊन दोन मागून घेणं. हे लक्षात आलं तेव्हा बाईंना स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी हजेरीपट शिक्षकांच्या खोलीतच राहिला आणि बाईंनी सुरुवात स्वतःपासून केली. कंसाचा भाग मी घाईत उरकला, म्हणाल्या. मग मागच्या बाकावरून झोर्नित्सा बोलली, त्या दिवशी ती नेमकी आली होती.

"बाई, कंसाआधी उणे आलं की आतल्या चिन्हांचं काय करायचं तेच कळत नाही. मागच्या वर्षापासून."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं येतं की."

बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्याशा एका उण्याने पोरीचं वर्ष अडवून धरलं होतं. मग आणखी चारपाच जण कुरकुरले, आमचंही तेच. बाईंनी कंस पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतला.

वार्षिक गुणांच्या वेळी हजेरीपट परत वर्गात आला, नियमच तो. बोट खाली सरकू लागलं. ते पोचायच्या आत झोर्नित्सा उठून फळ्यापाशी उभी होती.

"मी सोडवते बाई. अडले तर कुठे ते सांगेन."

एकदा अडली, सांगितलं, पुढे गेली. बाईंनी समाधानाने चार लिहिले आणि पुढचं नाव शोधायचं विसरूनच गेल्या.