पुकारा झाला तेव्हा आम्ही चांदण्या पाहत होतो

अन्याय झाला तो माझ्या मोठीमायवर. ही माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको, नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बायकांच्या गटाची अध्यक्ष. केव्हा झाला तेही सांगते: नाताळच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, नागपूरच्या एका सरकारी कचेरीत. त्या वेळी आम्ही दोघी तिथल्या सदर भागातल्या रस्त्यानं पायी जात होतो आणि दुकानांवर टांगलेल्या कागदी चांदण्या पाहत होतो.

प्रकरण एवढंच. गावच्या तलावातली, आमच्या बोलीत तऱ्यातली, माजलेली बेशरमीची झुडपं बायकांनी दोन उन्हाळे खपून उपटली. चिखलात देशी पाणवनस्पती लावल्या. मासळी परतली. मासळी परतली तसा बाहेरचा ठेकेदारही आला आणि मासेमारीचा ठेका त्याला मिळाला. आम्ही अपील केलं. त्या दिवशी सुनावणी होती, आणि बाजू अध्यक्षानं स्वतः मांडायची होती. ती हजर नसली तर अपील गेलं, अपील गेलं तर तरा गेला.

सौंदडहून पहाटेची एसटी धरली. अकरा वाजता आम्ही कचेरीच्या बाकावर होतो. शेजारी तपकिरी स्वेटरातला एक माणूस बसला होता. मोठीमायनं पिशवीतले उकडलेले शिंगाडे त्याच्या हातावर ठेवले. त्यानं खाल्ले, चांगले आहेत म्हणाला.

दहा मिनिटांनी टेबलावरच्या बाबूनं मान वर केली. "साहेब चारनंतर बसतील. इथं बसून काय करता? क्रिसमस आहे, सदरकडे सजावट बघा, फिरून या."

मोठीमाय हलेना. "आंगठा लावून जातो ना, बाबू."

आमच्या गटाची रीतच आहे. पाण्यात पाय घालायच्या आधी हजेरीच्या वहीत आंगठा. वहीत आंगठा नाही तर ती बाई त्या दिवशी आलीच नाही, मग सगळ्यांनी तिला जाळं ओढताना पाहिलं असलं तरी. नियम मोठीमायनंच केला. एकदा स्वतः विसरली, तर त्या दिवशीचा वाटाही तिनं घेतला नाही.

बाबू हसला. "आजी, चार वाजता सही घेऊ ना. कागद काय पळून जातो?"

"मंग आत्ता लावला तं काय बिघडते?"

तेव्हा मी बोलले. "मोठीमाय, हे हापिस आहे, आपला तरा नाई. चाल."

मी पत्रकं लिहिते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हे मी गावोगाव छापून वाटलं आहे. आणि तीच मी तिचा हात धरून तिला बाहेर घेऊन आले.

मग आम्ही शहर पाहिलं. सिग्नलवर लाल टोप्या विकायला होत्या. बेकरीपुढे केकसाठी रांग होती. चर्चच्या आवारात येशूजन्माचा देखावा मांडला होता, तिथं पसरलेला पेंढा पाहत मोठीमाय वाकून उभी राहिली.

"हे तनस धानाचं नाई. गव्हाचं काड आहे."

"असू दे ना."

"थंडी पडून राहिली, अन् लेकराच्या आंगावर पांघरून नाई. काऊन बाप्पा?" मग मेरीकडे पाहून म्हणाली, "बाळंतीण आहे बिचारी, तिले कोन सांगन."

शेजारच्या दोन बायका हसल्या. मीही हसले असेन.

तिथून चालत अजब बंगला, म्हणजे म्युझियम, मग फुटाळा तलाव. तिचे पाय दुखत होते, रिक्षा नको म्हणाली. काठावर कणसं भाजणाऱ्याला तिनं विचारलं, "मासोऱ्या कोन धरते येथच्या?"

"अम्मा, यहाँ फव्वारा देखने आते हैं लोग."

"एवढा मोठा तरा, अन् पाहाले फवारा!" ती माझ्याकडे वळली. "आपल्या तऱ्याचं नशीब बरं आहे वो पोरी."

चारला पंधरा मिनिटं असताना परत आलो. साहेबांची खोली बंद होती. भिंतीवरच्या कागदावर आमच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: अपीलकर्ते पुकारूनही गैरहजर. अपील निकाली.

साहेबांना सुट्टीवर जायचं होतं म्हणून सगळी प्रकरणं सकाळीच आटोपली, असं बाबू म्हणाला. ठेकेदाराचा वकील हजर होता. "आणि चार वाजता या, असं मी कशाला सांगू, ताई?"

मला ओरडायला हवं होतं. इतर वेळी मी तहसीलदारापुढेही ओरडते. त्या दिवशी काहीच आलं नाही. मी तो कागद परत परत वाचला, कुणा दुसऱ्याच्या गावचा असावा तसा.

तपकिरी स्वेटरवाला अजून बाकावर होता. मी कोरा कागद त्याच्यापुढे धरला. "काका, आम्ही अकराला इथं होतो, एवढंच लिहा. खाली सही करा."

त्यानं फोन काढला आणि त्यात पाहत म्हणाला, "माझंही काम अडकलंय इथं. मला यात ओढू नका."

परतीच्या बसमध्ये मोठीमाय मला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. साकोली गेल्यावर म्हणाली, "तऱ्याचं पाहू मंग. पर मी आलती ना वो? तू तं होतीस."

"होय, मोठीमाय. आलती."

अपील पुन्हा उघडा, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्यांनी विचारलं आहे, हजर होता याला पुरावा काय? मी नात्यातली, माझी साक्ष हलकी धरतात. ठेकेदाराची जाळी तऱ्यात पडली आहेत. बायका काठावरून पाहतात. मीही पाहते आणि मला फारसं काही वाटत नाही, याचीच मला भीती वाटते.

म्हणून तुम्हाला सांगते, हे वाचणाऱ्याला. कचेऱ्यांच्या बाकांवर तुम्हीही बसता. शेजारी कोण आलं, किती वाजता आलं, हे तुम्हाला दिसतं. ती बाई कागद घेऊन तुमच्याकडे वळली तर फोन खिशात ठेवा. पेन घ्या. तिला पाहिलं असं लिहा, वेळ लिहा, आणि खाली तुमचं पूर्ण नाव घाला.