तीन वेळा चुकवलेला आकडा

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही, पोराले तर नाहीच. तुमी वळखीचे नाही म्हणून तुमाले सांगून राह्यलो असं समजा — का आणखी कायले, ते मलेच माहीत नाही.

शाळा माही तिसरीपर्यंत. पण कामरगावात पहिला हार्वेस्टर मी आणला, कोणालेही विचारा. सोयाबीन निघालं की मशीन गावोगाव फिरते. डिझलसाठी ड्रायव्हरच्या हाती मी रोख देत होतो. माही सून, वैशाली, एक दिवस म्हणे — बाबा, धंद्याले कार्ड घ्या.

तीन जातीचे कार्डं असतात म्हणे. ओट्यावर बसून तिनं मले समजावलं. एक आपल्या खात्याले जोडलेलं — ड्रायव्हरच्या हातून हरवलं तर खातंच उघडं. दुसऱ्यात आधी बँक भरते, मंग आपण — बँक कायले भरन माह्या डिझलाचं? तिसऱ्यात आपण टाकू तेवढंच, वर एक रुपया नाही. तिनं ते तिसरं निवडलं. खरं सांगू? बरोबर निवडलं होतं. मले ते तवाच कळलं. पण 'पाहू' म्हणालो. सुनेचं लगेच ऐकणं माह्या जिवावर यायचं.

कार्ड आलं. त्याचा चार आकड्यांचा नंबर तिनं बसवला, मले आन् ड्रायव्हरले सांगितला. सकाळी मशीन धनज गावाले जाणार होती. तवर कार्ड माह्या खिशात. आन् मले काही चैन पडेना. एवढुशा पट्टीले कसं कळते, आकडा खरा का खोटा? मी इंजिन खोलून पाह्यलं आहे, विहिरीवरची मोटर खोलून पाह्यली आहे. हे तर खोलताही येत नाही — मंग माणसानं पाहावं कसं?

एटीएमात गेलो. मुद्दाम शेवटचा आकडा चुकवला. मशीननं वळखलं. मले हसू आलं — हुशार आहे बेटं! मंग पहिला चुकवला. तोही वळखला. तिसऱ्यांदा सारे आकडे उलटे टाकले. पडद्यावर इंग्रजीत काही लांबलचक आलं. मांगं एक जण उभा होता, त्याले विचारता आलं असतं. पण मी — आन् विचारू? कार्ड सदऱ्याले पुसलं आन् घरी आलो. खरा आकडा टाकून पाह्यलाच नाही. तो तर चालनच, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंपावर कार्ड चाललं नाही. ड्रायव्हरनं दोनदा-तीनदा टाकून पाह्यलं. मशीन धनजच्या वावरात उभी, आभाळ भरून आलं. ज्याचं सोयाबीन होतं त्यानं दुपारी दुसऱ्याची मशीन लावली. ड्रायव्हर कार्ड घेऊन घरी आला, तवा वैशालीनं बँकेत फोन केला. आकडा तीन वेळा चुकला म्हणून कार्ड बंद पडलं, असं तिकडून सांगितलं. तिनं फोन ठेवला. मंग ड्रायव्हरसमोर, चार शेजाऱ्यांसमोर मले म्हणे, "बाबा, नंबर बसवतानाच माह्या हातून चुकला असन."

मले तवाच बोलता आलं असतं. नाही काय? तोंड उघडलंही मी — आन् म्हटलं, "पोरी, शिकून काय केलं मंग? हे तुह्या बसचं नाही. राहू दे."

कोणी तरी हसलं. ती नाही हसली. 'हो' म्हणाली फक्त. सांजच्याले कार्ड, बँकेचं पुस्तक, मशीनचे कागद — सारं आणून माह्या खाटेवर ठेवलं. तिले वाटत होतं, पुढच्या सालापासून हा धंदा तिनं पाहावा. मलेही माहीत होतं ते. मी कागद उशाखाली सारले.

त्याले चार सोयाबीन झाले. ड्रायव्हरले मी आजही रोखच देतो. वैशालीनं मशीनबद्दल एक शब्द पुन्हा विचारला नाही. नात गणिताची वही घेऊन तिच्याकडं जाते, तवा ती म्हणते — आजोबाले विचार, माहे आकडे चुकतात.

नात वही घेऊन माह्याकडं येते. मी सरकून तिले जागा देतो.