बंपरवरचं मेण

कर्जतच्या पोपटशेठच्या भातगिरणीवर कोंडाजी ड्रायव्हर होता, पण त्याचं नाव होतं ते गाडी पुसण्याबद्दल. शेठची जुनी अ‍ॅम्बॅसेडर त्यानं अशी राखली होती की तिच्या स्टीलच्या बंपरात बघून गिरणीवरचे हमाल भांग पाडत. पॉलिश करताना गाडीचा कुठलाही भाग वगळणं त्याला मान्य नव्हतं. बैल धुताना कुणी शेपूट सोडून देतं का, असं तो विचारी.

शहाऐंशी साली शेठनं ती गाडी विकून लाल मारुती आणली. शेठचा मुलगा वाल्मिक तेव्हा बी. कॉम. होऊन घरीच बसला होता. एवढ्याशा गाडीला ड्रायव्हर कशाला, मीच चालवीन, असं त्यानं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. शेठ कुणाला दुखवणारा माणूस नव्हता. दसऱ्यानंतर बघू, म्हणाला. कोंडाजी समजायचं ते समजला. उभी हयात हातात असलेलं स्टेअरिंग आता सुटू पाहत होतं. ते टिकवायचं तर दसऱ्याच्या पूजेला गाडी अशी उभी राहिली पाहिजे, की शेठच्या मनात दुसऱ्या माणसाचा विचारच येऊ नये.

म्हणून घट बसले त्या दिवशी त्यानं मेणाच्या पॉलिशची नवी डबी फोडली आणि टपापासून खालपर्यंत गाडी माखून काढली. बंपरही सोडले नाहीत. हे बंपर स्टीलचे नव्हते, काळ्या प्लास्टिकचे होते, आणि त्यांचं अंग बारीक खरखरीत होतं, हे त्यानं पाहिलं. पण त्यानं काही बिघडेल असं त्याला वाटलं नाही. उलट खरखरीत आहे म्हणून दोन हात जास्त दिले.

दुपारच्या उन्हात मेण वाळलं. लाल पत्रा आरशासारखा झाला आणि काळे बंपर पांढरे पडले. प्लास्टिकच्या कणाकणात मेण जाऊन बसलं होतं. फडक्यानं पुसावं तर ते आणखी आत जाई.

वाल्मिक गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "कोंडाजीकाका, गाडीला कोड फुटलं."

कोंडाजीच्या शेजारी भिवाजी राहत असे. तो रसायनीच्या एका कारखान्यात फाटकावर पहारेकरी होता, त्यामुळे आळीत रसायनांच्या बाबतीत त्याचाच शब्द शेवटचा. त्यानं रॉकेल सुचवलं. रॉकेल लावताच बंपर काळेभोर झाले. कोंडाजी धावत जाऊन शेठला घेऊन आला. शेठला चप्पल शोधून, पानाची पिंक टाकून बाहेर यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात रॉकेल उडून गेलं आणि बंपर पुन्हा पांढरे. शेठनं फक्त नाकाला रुमाल लावला. भिवाजीचं म्हणणं पडलं की औषध बरोबर आहे, बंपरच हलक्या मालाचा आहे. मग खोबरेल तेल झालं. त्यानं काळेपणा टिकला, पण गिरणीतला सगळा कोंडा येऊन बंपरला चिकटला.

अष्टमीच्या दुपारी कोंडाजी गाडीपुढेच उकिडवा बसून उपासाचं जेवत होता. सोनाबाईनं, त्याच्या बायकोनं, डब्यात भगर आणि दाण्याची घट्ट आमटी दिली होती. वाल्मिक गुपचूप गाडीत शिरला आणि त्यानं हॉर्न दाबला. कोंडाजी दचकला, आमटी बंपरवर सांडली. मनातल्या मनात वाल्मिकचा उद्धार करत त्यानं ती फडक्यानं जोर लावून पुसली. पुसली तेवढी जागा काळी निघाली. तो वाट बघत बसला. ऊन लागलं, वारा लागला, जागा काळीच राहिली. दाण्याच्या तेलानं मेण सोडवलं होतं आणि दाण्याच्या रव्यानं ते बाहेर ओढलं होतं.

घरी जाऊन त्यानं पाट्यावर वाटीभर दाणे वाटून मागितले, बिनतिखटाचे. कशाला, ते कळल्यावर सोनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, गाडीचा पन उपास हाय का?"

"वाट गं, मुकाट्यानं."

तिनं वाटून दिले, पण देवीची माफीही मागून घेतली. कोंडाजीनं ते वाटण दात घासायच्या जुन्या ब्रशनं बंपरवर घोळवून घासलं, मग कोमट साबणाच्या पाण्यानं धुतलं, सुक्या फडक्यानं पुसलं, आणि पुन्हा पहिल्यापासून. खंडेनवमीला हे काम संपलं तेव्हा बंपर शोरूममध्ये असतात तसे काळे होते.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ चढली, हळदकुंकू झालं. शेठनं बंपरवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि जमलेल्या सगळ्यांसमोर कोंडाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यासारखा गाडी राखणारा मानूस तालुक्यात नाय, कोंडाजी. गाडी वाल्मिक चालवील. तू ती कायम अशीच ठेव. पगार तोच."

वाल्मिकनं किल्लीसाठी हात पुढे केला. कोंडाजीनं किल्ली दिली, फडकं घडी घालून बॉनेटवर ठेवलं.

"शेठ, मी पुसायचो ते चालवायला मिळावी म्हणून."

दिवाळीनंतर भिवाजीच्या ओळखीनं तो रसायनीला पिंपं वाहणाऱ्या एका टेंपोवर लागला. टेंपोचा मूळ रंग कोणता, यावर फाटकावर पैजा लागत, कारण कोंडाजीनं त्याला कधी पाणी दाखवलं नाही. भिवाजीनं एकदा त्याला अडवून विचारलं, बाबा, निदान काच तरी पुसत जा.

"पुसली की चमकंल," कोंडाजी गिअर टाकत म्हणाला, "आनि चमकला की मालकाचा पोरगा बसायला येईल."