हिरव्या दाराजवळचं दुसरं स्टूल

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभं आयुष्य गेलं... मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढं खरं, बाकी सगळ्या थापा! या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसायचे. आता माझाच लिहितेय, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

आमचे हे गेल्यावर मुलगा निखिल मला न्यूझीलंडला घेऊन आला. क्राइस्टचर्चला, हॉर्नबी भागात त्याचं घर आहे. सकाळी तो आणि सून ऋचा कामाला जातात, नात इरा शाळेत. मग दिवसभर मी आणि फ्रिजची घरघर. बाहेर सगळ्या गल्ल्या सारख्या, कुंपणं सारखी, आणि माणूस औषधालाही सापडत नाही. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेले आणि परतताना चुकले. निखिल गाडी घेऊन शोधत आला. रागावला नाही, पण तेव्हापासून माझ्याकडे जरा निरखून बघायला लागला.

"आई, एकटी बाहेर नको जाऊस," तो म्हणाला. "टीव्हीवर वॉकिंग व्हिडिओ लावून देतो, घरातच चाल. गुडघ्यालाही बरं."

तर तो व्हिडिओ — युरोपातल्या कुठल्याशा जुन्या गावातली मध्ययुगीन गल्ली. गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. घडीव दगडांचा रस्ता, रस्त्यावर झुकलेली घरं, खिडक्यांत लाल फुलं, पाववाल्याचा लोखंडी बोर्ड, मध्येच चर्चची घंटा. कॅमेरावाला एक शब्द बोलत नाही, नुसता त्याच्या बुटांचा आवाज. तो तिकडे दगडांवर चालायचा, मी इकडे कार्पेटवर. गल्लीच्या शेवटी कमान आहे, तिच्या अलीकडे एक हिरवं दार. दारात स्टूलवर बसून एक म्हातारी मटार सोलत असते. कॅमेरा पुढे जायच्या आत ती एकदा मान वर करून बघते, बस्स.

मी रोज तिच्यासाठीच चालायचे. खोटं कशाला बोलू... दिवसभरात मान वर करून माझ्याकडे बघणारी ती एकटीच होती.

एकदा सर्दीमुळे इरा घरी होती, सोफ्यावर ब्लँकेट घेऊन पडलेली. माझा गुडघा दुखत होता. हिरवं दार आलं तसा मी व्हिडिओ पॉज केला. आमच्याकडे कोणी मटार सोलत बसलेली दिसली, की दुसरी नुसती उभी राहत नाही, शेजारी बसकण मारून ताटात हात घालते. मीही किचनमधून शेंगा आणल्या ("घरात फ्रोजन असताना कशाला, आई?" असं ऋचा म्हणते त्याच) आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून सोलायला लागले. सोलता सोलता तिच्याशी बोलत सुटले. ह्यांचं आजारपण, सांगलीचं कुलूपबंद घर, सगळं सगळं. मराठीत! इरा बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "शी डझन्ट हॅव अ चेअर फॉर यू."

"मग ठेव म्हणावं तिला एखादी," मी हसून म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही इरा घरीच होती. मी पुन्हा व्हिडिओ लावला. तोच बोर्ड, तीच घंटा. हिरवं दार आलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. म्हातारीच्या शेजारी आणखी एक स्टूल होतं. रिकामं.

"ओ गुड," इरा सोफ्यावरून म्हणाली, "शी गॉट वन."

संध्याकाळी मी निखिलला दाखवलं. त्याने व्हिडिओ पुढे-मागे करून पाहिला. "आई, हा कितीतरी वर्षांपूर्वी अपलोड झालाय. त्यात कोण कशाला काय बदलेल? दोनच स्टुलं असणार आधीपासून." मी इराकडे बघितलं. ती ठामपणे म्हणाली, "नो डॅड, देअर वॉज वन." पण सात वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं! निखिलने रिमोट खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आपल्या जीपी डॉक्टरांकडे मेमरी टेस्ट करून घेऊ या का?"

पोटचा मुलगा आपल्या डोक्यावर शंका घेतो, यासारखं एकटेपण नाही हो दुसरं.

टेस्ट झाली. घड्याळ काढायला लावलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटं मोजायला लावलं. लॅबमधली बाई मी, सगळं धडाधड केलं. डॉक्टरीणबाई हसल्या, "युअर मेमरी इज स्वीट ॲज!" म्हणजे इकडच्या बोलीत एकदम झकास. निखिलचा जीव भांड्यात पडला. गाडीत बसल्यावर त्याने माझा हात हातात घेतला. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

आणि मी मात्र तेव्हा खरी घाबरले. कारण माझं डोकं शाबूत असेल, तर आधी स्टूल एकच होतं.

कोणी म्हणेल व्हिडिओ बदलला असेल, कोणी म्हणेल आजी-नातीला भास झाला. म्हणा बापडे. अजून रोज चालते, म्हातारी मान वर करते, शेजारचं स्टूल तसंच रिकामं असतं. त्या स्टुलाची भीती नाही वाटत मला. दुपारी घर अगदी चिडीचूप झालं, की तिथे जाऊन बसावंसं वाटतं... त्याची वाटते.

म्हणून हल्ली मटार मी इरा शाळेतून आल्यावरच सोलते. तिला शेजारी बसवून.